हटवार काकाचे इशारे आन आमचे उपद्व्याप

आमच्या ब्लॉकच्या पायऱ्यांवर धुळीपेक्षा किस्से जास्त जमतात. धूळ झाडाले बाई येते, किस्से झाडाले कोनी येत नाही. एखादा शिफ्टवरून येते, चप्पल काढता काढता एक टाकून जाते. दुसरा कचऱ्याची बाल्टी घेऊन उतरते, आपला एक ठेवून जाते. मंग आमच्यासारखे रिकामे पोट्टे बसून असतातच, गोळा कराले!

आता नवीन वर्स लागलं. जो तो विचारते, यंदा काय सोडून राह्यला? माहा दोस्त टिकेश म्हने, मी गुपचुप, म्हनजे पानीपुरी, खानं सोडतो. दुसऱ्याच दिवशी सिविक सेंटरच्या ठेल्यावर त्याच्या हातात दोना होता! माही आई म्हने, "तू काहीच सोडू नको रे बाबा, फक्त मोबाईल सोड." सगळे सोडाचंच विचारतात. धरून काय ठेवाचं, हे कोनी विचारतच नाही बे!

मले विचारलं असतं त मी सांगतलं असतं, हटवार काकाच्या सवयी.

काका आमच्या वरच्या क्वार्टरमंधी राहत. 'राहत' म्हनतो, कारन डिसेंबर सरला तसे ते भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले आन काकूले घेऊन तुमसरकडं, गावाले गेले. ते जानार हे आमाले दिवाळीपासून मालूम होतं. आन दिवाळीपासून मी एकच काम केलं, ते जाऊ नये म्हनून जमन ते सगळं!

कावून? कारन पूऱ्या ब्लॉकमंधी मले 'प्रज्वल' म्हननारा तो एकच मानूस होता. बाकीच्यायसाठी मी 'ए नमूना'. पाहुने आले का माही सख्खी आई बी म्हनते, "हा आमचा नमूना."

*

काकाचं प्लांटमधलं काम म्हनजे इशारे देनं. क्रेनवाला वर केबिनमंधी, वजन मधात लटकते, काका खाली. आवाज एवढा का बाजूच्याच्या कानात ओरडलं तरी आयकू येत नाही. म्हनून सगळं हातानं. बोट वर करून गोल फिरवलं, उचल. बोट खाली करून फिरवलं, उतरव. एक हात इशारा करते आन दुसरा त्याच्यावर आडवा धरला, म्हनजे हळू. पूरी जिंदगी हेच केलं, मंग घरी आल्यावर तोंड कायले वापरन तो मानूस!

काकूले सगळे इशारे पाठ. एकदा आमच्याकडचे पाहुने काकाले भेटाले वर गेले. काका सोफ्यावर बसून. बोलता बोलता त्याहीनं किचनकडं पंजा पुढं ढकलला. म्हनजे चहा येऊ दे. काकू ट्रे घेऊन दारात आली आन तिथंच उभी राह्यली. हालेच ना!

पाहुने पाहून राह्यले. काका पंजा ढकलून राह्यले. काकू ढिम्म!

मंग काकू म्हने, "कप काठोकाठ भरून हायेत. हळूचा इशारा कोन देनार, माहा बाप?"

काकानं चुपचाप दुसरा हात वर आडवा धरला. तवा चहा आला!

पाहुनी खाली येऊन माह्या आईच्या कानात म्हने, "वहिनी, वरच्या भाऊजीची तब्येत बरी हाय ना जी?"

*

आता आमाले असं काही दिसलं त आमी सोडनार हावो का?

भाजीवाली म्हातारी दाई आली का काकू वरून दोरीनं टोपली सोडे. काका खाली भाजी भरत, आन वर पाहून इशारा देत. एक दिवस टिकेश आन मी चुपचाप काकाच्या मागं जाऊन उभे राह्यलो. काका इशारा देत, उचल. मी मागून देऊन राह्यलो, उतरव. टिकेशले काहीच येत नव्हतं, त तो कोंबडीसारखे पंख हलवून राह्यला!

काकूनं वरून एकदा पाह्यलं. दोनदा पाह्यलं. मंग दोरी रेलिंगले बांधली आन सरळ आत जाऊन टीव्हीसमोर बसली!

टोपली अधांतरी. लाल भाजी लटकते, मुळे लटकतात. दाई खाली कमरेवर हात ठेवून म्हने, "अब मैं का करंव?"

"अवं!" काका ओरडले.

काकू आतूनच म्हने, "खाली तीन-तीन जन इशारे देऊन राह्यले. माहं काम बंद!"

काकानं मान वळवली. आमचे हात अजून हवेतच होते. मले वाटलं, आता पडते कानाखाली. पन काका म्हने, "पहिले ठरवा, इशारा कोन देनार. मंग बाकीच्यायनं हात खिशात."

बस, एवढंच. आमाले ते वाक्य एवढं आवडलं का विचारू नका. त्याच दिवशी संध्याकाळी घरी आई आन बाबा दोघंही एकदमच माह्यावर सुरू झाले. इकडून मोबाईल, तिकडून मार्कं. मी म्हनलं, "रुका! पहिले ठरवा, कोन बोलनार. मंग बाकीच्यायनं हात खिशात!"

त्याहीनं ठरवलं. आई बोलली. बाबाचा हात खिशात राह्यला नाही.

*

काकाच्या एका सवयीनं त आमचं पूरं करियरच बरबाद केलं.

स्कूटर सुरू कराच्या पहिले काका तिच्याभोवती एक चक्कर मारत. वाकून खाली पाहत, मागं पाहत, टायर दाबून पाहत. रोज! पाऊस असो, उशीर झाला असो, काकू वरून "अवो, भोंगा वाजला!" म्हनून ओरडत असो. चक्कर म्हनजे चक्कर. आमी मागं डब्बे बांधले, सापडले. चाकात दोरी गुंतवली, सापडली. आमी एवढी मेहनत कराची आन हा मानूस एका चक्करमंधी सगळ्यावर पानी फिरवे!

एक दिवस आमी सायलेन्सरमंधी आलू ठोकला. काकानं चक्कर मारली, वाकले, आलू काढला, पुसला, आन वर पाहून म्हने, "अवं, टोपली सोड. आज आलूची भाजी कर!"

दुसऱ्या दिवशी आमी वांगं घातलं. काकानं काढलं. वास घेतला. "वांगं परवाच झालं पोट्ट्याहो. काकूले टमाटर पायजे होते."

तिसऱ्या दिवशी आमी खरंच टमाटर घेऊन गेलो. आता टमाटर काही सायलेन्सरमंधी जात नाही! दाबलं का फुटते. टिकेशचे हात लाल, माहे हात लाल, आन काका समोर उभे. म्हने, "वर नेऊन दे. पायऱ्या हायेत ना."

तवापासून काकूची भाजी आमीच आनून देऊन राह्यलो होतो. कवा सुरू झालं, आमालेच समजलं नाही.

*

हा किस्सा हसाचा नाही. पन त्याच्याच बाजूचा हाय म्हनून सांगतो.

मी दहावीत गनितात लटकलो, नापास. असं नाही का मले काहीच येत नव्हतं. पेपर लवकर झाला म्हनून मी खुश. सगळ्यायच्या पहिले उठलो, छाती फुगवून बाहेर आलो. बाहेर टिकेश भेटला. म्हने, "आखिरी पन्ने वाला सवाल बनाया क्या बे? एकदम इज़ी था।"

कोनता आखिरी पन्ना? मी पेपर पलटूनच पाह्यला नव्हता!

रिझल्ट लागला त्या दिवशी आई रडली, बाबा ड्युटीवर निघून गेले. काका खाली आले, माह्या बाजूले पायरीवर बसले. मी सगळं सांगतलं, मागच्या पानाचं बी. मले वाटलं, हे तरी बोलतीन काही. त्याहीनं स्कूटरकडं पाह्यलं.

"एक चक्कर माराची राह्यली तुही," म्हने.

आता मी ओपन स्कूलमधून दहावीले पुन्हा बसून राह्यलो. फॉर्म भरला त दोन्हीकडून पाह्यला. फॉर्मच्या मागं काहीच नव्हतं. कोरं पान होतं, तरी पाह्यलं.

*

आन एक सवय. लटकलेल्या वस्तूखाली काका उभे राहत नव्हते. स्वतः राहत नव्हते आन दुसऱ्यालेही राहू देत नव्हते. पंखा असो, बोर्ड असो, कोनाच्या बाल्कनीतली कुंडी असो.

ब्लॉकमधल्या एका ताईचं लगन होतं. हॉलमंधी स्टेजवर मोठं झुंबर, फुलायनं लदलेलं, आन त्याच्या बराबर खाली नवरा-नवरीचा सोफा. काका आहेर घेऊन स्टेजवर चढले. वर पाह्यलं. झालं!

"सोफा हलवा."

फोटोवाला म्हने, "अंकल, लाइट का सेटिंग है!"

"हलवा म्हनतो ना."

नवरदेव उठला, नवरी उठली, तिचा शालू कोनाच्या पायाखाली आला, नवऱ्याच्या मामाले वाटलं काही भांडन झालं, तो बाह्या वर करून धावत आला! शेवटी चौघायनं सोफा उचलून बाजूले ठेवला. काका समोर उभे राहून इशारे देऊन राह्यले, हळू, हळू, बस. पूऱ्या लगनाचे फोटो आता अर्धे जोडप्याचे आन अर्धे पडद्याचे!

झुंबर काही पडलं नाही. जेवन झालं, बिदाई झाली, तरी नाही पडलं.

मी वापस येताना काकाले चिडवलं, "काका, एवढं केलं, पडलं कुठं?"

काका म्हने, "पडलं नाही म्हनूनच त तू हसून राह्यला ना बेटा."

आता मी कुठंही गेलो का पहिले वर पाहतो. टिकेश म्हनते, "का देखत हस बे, छिपकली?" मी म्हनतो, हाव, छिपकली.

*

भिलाई-३ च्या फाटकापाशी काकासंगं एकदा थांबलो होतो. मालगाडी येऊन राह्यली होती, लोखंडानं लदलेली, संपतच नव्हती. इंजिन समोरून गेलं तसा काकानं हात वर केला. ओळखीच्याले करतात तसा.

"कोन होता जी?" मी विचारलं.

"मले काय मालूम!"

"मंग हात कावून दाखवला?"

"एवढं वजन घेऊन सुखरूप चालला तो. आपल्याले काय, हातच त उचलाचा हाय."

प्लांटमंधी काम संपलं का काका वरच्या क्रेनवाल्याले असाच हात करत म्हने. चेहरा दिसो का ना दिसो. मी तवा लय हसलो. टिकेशले नक्कल करून दाखवली. मंग आमी दोघं महिनाभर सगळ्यायले हात दाखवत फिरलो. गायीले, एटीएमले, ट्रान्सफार्मरले!

परवा मी एकटाच त्या फाटकापाशी गेलो होतो. काही काम नव्हतं. गाडी आली, मी हात वर केला. इंजिनवाल्यानं पाह्यलं बी नाही. एक-एक डबा गेला. मी हात खाली केला नाही, उगाच. शेवटच्या डब्यात गार्ड होता. त्यानं हिरवी झंडी जराशी उचलली.

काका सोबत असते त म्हनलं असतं, "पाहा जी, मलेही आला जवाब!"

*

आता ते जाऊ नये म्हनून मी काय काय केलं, तेही आयका.

पहिले मी काकूले भेव दाखवलं. म्हनलं, गावात साप निघतात. काकू म्हने, "माह्याच गावचे हायेत, मले ओळखतात." तो प्लॅन तिथंच खतम!

मंग सामान बांधाले खोके पायजे होते. काका म्हने, "प्रज्वल, पावर हाउसच्या बाजारात जाऊन ये. किरान्याच्या ठोक दुकानात रिकामे खोके भेटतात." मी म्हनलं, हाव जी. गेलो, समोसा खाल्ला, वापस आलो. "नाही भेटले." दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. "आज बी नाही भेटले." असं चाललं. मी मनात हिशोब केला, खोके नाहीत त सामान नाही बांधत, सामान नाही बांधत त काका नाही जात. एकदम सिंपल!

एक दिवस काका म्हने, "चाल, मी बी येतो."

मेलो!

दुकानदारानं मले दुरूनच पाह्यलं आन ओरडला, "आ गया! भैया, ये लड़का आपका है क्या? रोज़ आता है। पूछता है, खोखे तो नहीं हैं ना? मैं बोलता हूँ, बहुत हैं, ले जा, तो भाग जाता है!"

मी बाजूच्या मिरचीच्या पोत्याकडं पाहून राह्यलो.  काकानं खोके चपटे केले, गठ्ठा बांधला, स्कूटरच्या मागं ठेवला. मंग म्हने, "तुले काय वाटते, मले जाची लय हौस हाय?"

"मंग राहा ना जी! क्वार्टर सोडलं त इथंच कुठं तरी खोली घ्या. मी भाजी आनून देतो, सगळं आनून देतो."

काका दोरीची गाठ पक्की करत होते. "तुही काकू लगन करून आली तवापासून माह्या इशाऱ्यावर राह्यली. ए शिफ्ट म्हनलं, ए शिफ्ट. नाईट म्हनलं, नाईट. गावाले नाही जमत म्हनलं, नाही जमत. आता तिनं ठरवलं, गावाले जाऊ. त माहा हात खिशात."

 पूरा रस्ता मी मागं बसून खोके धरून आनले. चांगले घट्ट धरले, एकही नाही पडू देल्ला.

*

आता शेवटचा.

थांबचा इशारा मी अजून सांगतलाच नाही. दोन्ही हात बाजूले पूरे पसरवाचे, पंजे जमिनीकडं. याचा नियम अलग हाय. बाकी इशारे एकाच मानसाचे चालतात. पन थांब कोनीही म्हनो, साहेब म्हनो, झाडूवाला म्हनो, कालच लागलेला पोट्टा म्हनो, क्रेन थांबते. कावून थांबवलं, हे कोनी विचारत नाही. आन ज्यानं थांबवलं, त्यानंच सोडाचं. सामान बांधता बांधता काकानं मले हे शिकवलं. मी म्हनलं, "आन उगाच थांबवलं त?" काका म्हने, "त उगाच थांबाचं. काय बिघडते!"

नवीन वर्साच्या पहिल्याच सकाळी मेटाडोर आली. सामान चढलं. टिकेश वर चढून दोऱ्या कसून राह्यला होता. आई आन काकू एकमेकीले धरून रडून राह्यल्या होत्या. खालून हाका येत होत्या, "ए नमूना, कुठं मेला? काकाच्या पाया पड!"

मी वळनावर नालीच्या पुलियावर जाऊन बसलो होतो. पाय हलवत. जसं काही माहा संबंधच नाही.

गाडी निघाली. गल्लीतून हळूहळू बाहेर आली. समोर ड्रायव्हर, मधात काकू, खिडकीपाशी काका. मले फक्त टाटा कराचं होतं. शप्पथ! मी पुलियावरून उतरलो, रस्त्यावर आलो, आन हात वर कराले गेलो.

हात बाजूले गेले. दोन्ही. पूरे.

"रोको!" काका ओरडले. ड्रायव्हरनं असा ब्रेक मारला का वरच्या बाल्ट्या वाजल्या.

काका खाली उतरले. ड्रायव्हरही उतरला. "क्या हुआ भैया? कुछ गिरा?"

"मालूम नहीं," काका म्हने. "इंजिन बंद करो।"

"अरे, लड़का मज़ाक कर रहा है!"

"तरी बी बंद करो।"

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. मागं दुधवाला येऊन थांबला. त्याच्या मागं पान्याचा टँकर, त्याच्या मागं एक ऑटो, सवारीनं भरलेला. पहिले घंटी, मंग हॉर्न, मंग सगळे मिळून! काकूनं खिडकीतून मान काढली, माह्याकडं पाह्यलं, आन आईनं देलेला डब्बा उघडून ड्रायव्हरच्या हातावर दोन लाडू ठेवले.

माहे हात दुखाले लागले होते.

टँकरवाला उतरून आला. "ए चाचा! हटाओ ना गाड़ी! कितना टाइम लगेगा?"

काका रस्त्याच्या मधात, दोन्ही हात खिशात घालून उभे. "हमको क्या पूछता है," म्हने, "उस लड़के को पूछो।"